फेब्रुवारीतल्या चकल्या

"गेल्या वर्षाचा महिनावार हिशेब आणा," असं बँकेतले साहेब म्हणाले तेव्हा आसावरी बेहेरे जराही गडबडली नाही. हिशेब लिहिणं ही तिच्या हातची गोष्ट होती. नौपाड्यातल्या तिच्या स्वयंपाकघरात, फ्रिज आणि पाण्याचा फिल्टर यांच्या मधल्या भिंतीवर कॅलेंडर होतं, आणि तिच्या भाजणीच्या धंद्याचा एकूण एक व्यवहार त्या कॅलेंडरच्या चौकोनांत तारीखवार लिहिलेला होता.

"वही आहे ना?" साहेबांनी विचारलं.

"वही कशाला? भिंतीवर आहे सगळं."

साहेबांचं नाव साईनाथ गिते. वय तिशीच्या आत, गाव परभणीकडचं, बोलणं अत्यंत नम्र. त्यांनी पेन खाली ठेवलं. "भिंत आणता यायची नाही मॅडम," ते म्हणाले. "कागद आणा. मूळ कागद."

आसावरीला हे बोलणं लागलं. पण कर्ज मागायला आलेल्या माणसाने लागलेलं दाखवायचं नसतं, म्हणून ती हसून बाहेर पडली.

कर्ज साडेतीन लाखांचं होतं आणि ते कोपरीतल्या एका गिरणीसाठी हवं होतं. तानाजी भोईर तिथे बत्तीस वर्षं पिठं दळत होते. आसावरीची सगळी भाजणी तिथेच दळली जायची. आता त्यांचे गुडघे थकले होते आणि दोन्ही मुलं नोकरीला होती. मशीन, गाळा, वजनकाटा असं सगळं मिळून त्यांनी चार लाख सांगितले होते. त्यातले पन्नास हजार आसावरीने साठवले होते. गाळ्यावर एका मोमोवाल्याचाही डोळा होता.

"तो रोख द्यायला तयार हाय," तानाजी तिला म्हणाले होते. "पन मना गिरनीची गिरनीच ऱ्हायला हवी. होलीपर्यंत थांबतो ताई. होलीनंतर मी कोनाचा आयकनार नाय."

होळी पाच आठवड्यांवर होती. तीन बर्नरची शेगडी, एक मोठी कढई आणि जेवायच्या टेबलावर मांडलेल्या पिशव्या यांतून उठून खऱ्याखुऱ्या दुकानात जाऊन बसायची ही एकच संधी होती. वय सत्तेचाळीस. पुन्हा कोणी गिरणी घेऊन दारात उभं राहील असं नव्हतं.

तिच्या हिशेबाची पद्धत इथेच सांगून टाकायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं. धंद्याचं म्हणाल तर विकलेली भाजणी किती किलो, एवढंच ती लिहीत असे. शिवाय गॅस कधी लावला, दूध किती आलं, नवऱ्याशी, सलिलशी, कधी भांडण झालं आणि ते कोणाच्या चुकीने, हेही त्याच चौकोनात. धान्य भाजायला रखमाबाई रोज कोपरीहून यायच्या. त्यांची मजुरी किलोला पंचवीस रुपये होती आणि तीही याच कॅलेंडरवरून निघायची. महिन्याअखेरीस विकलेले किलो मोजायचे आणि पंचवीसने गुणायचं. जे भाजलं तेच विकलं, मग दोनदा कशाला मोजायचं, असं आसावरीचं म्हणणं. ऐकायला हे अगदी बरोबर वाटतं. तीन वर्षं सगळ्यांना बरोबर वाटत होतं.

घरी येऊन तिने फ्रिजवर हात फिरवला. नवं कॅलेंडर टांगताना जुनं तिने तिथे ठेवलं होतं. हाताला एकच पान लागलं, ऑक्टोबर.

"अण्णा, इथलं जुनं कॅलेंडर?"

अण्णा, म्हणजे तिचे सासरे, वय एकोणऐंशी, गॅलरीत वर्तमानपत्र वाचत होते. "ते होय? वाटलं."

"वाटलं म्हणजे?"

"संक्रांतीला तुम्ही बायका प्लॅस्टिकचे डबे लुटता. म्हटलं, आपण ज्ञानाचं वाण लुटू. प्रत्येक पानामागे किती छान मजकूर असतो! मोदकांचे प्रकार, गुडघेदुखीवर व्यायाम, राशिभविष्य. ते काय रद्दीत घालायचं? ज्याला ज्याची गरज, त्याला ते पान दिलं."

"आणि पुढे माझा हिशेब होता तो?"

"वर्ष संपलं ना पण?" अण्णा म्हणाले.

ऑक्टोबर तेवढा वाचला होता, कारण त्याच्या पाठीमागे पानभर गादीची जाहिरात होती आणि ती कोणाच्याच ज्ञानात भर घालत नव्हती.

"कोणाला कुठलं दिलंत?"

अण्णा सरकारी लेखा विभागातून निवृत्त झाले होते. छत्तीस वर्षांत चार आण्यांची नोंद त्यांच्या हातून सुटली नव्हती, असं ते स्वतः सांगत. त्यांनी चष्मा काढून सुनेकडे पाहिलं. "आसावरी, दिलेल्या दानाची नोंद ठेवायची नसते."

संध्याकाळी सलिल आला. सलिल वागळे इस्टेटमधल्या एका रंगाच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत होता आणि मोजता येणार नाही अशी गोष्ट जगात नाही या मताचा होता. चहात साखर किती, या प्रश्नाचं उत्तर तो ग्रॅममध्ये देई.

"एवढं काय त्यात?" तो म्हणाला. "आपल्याकडे एक नमुना आहे. ऑक्टोबरची विक्री किती? तीनशे दहा किलो. गुणिले बारा. तीन हजार सातशे वीस. गुणिले किलोला तीनशे साठ रुपये. तेरा लाख एकोणचाळीस हजार दोनशे. झालं."

"एवढे पैसे मला कधी दिसले नाहीत रे."

"तू नीट बघितलं नसशील."

आकडा मोठा होता, टाईप केल्यावर तर फारच देखणा दिसत होता. आसावरीच्या मनात कुठेतरी खुट्ट झालं, पण शास्त्र शिकलेला माणूस इतक्या आत्मविश्वासाने गुणाकार करत असताना मध्ये बोलायचा धीर सगळ्यांनाच होत नाही. दुसऱ्या दिवशी ती कागद घेऊन गेली.

गितेसाहेबांनी तो कागद सावकाश वाचला. मग नम्रपणे विचारलं, "दर महिन्याला तीनशे दहाच किलो?"

"हो. म्हणजे सरासरी."

"यात चकलीची भाजणी किती, मॅडम?"

"दोनशे वीस," आसावरी म्हणून गेली.

"फेब्रुवारीत लोक दोनशे वीस किलोच्या चकल्या करतात?"

आसावरीने पर्सची चेन उघडली आणि पुन्हा लावली.

"आमच्याकडे परभणीला दिवाळीतच करतात," साहेब म्हणाले. "ठाण्याचं मला माहीत नाही." त्यांनी कागद परत दिला. त्यांच्या आवाजात टोमणा अजिबात नव्हता, आणि तेच तिला फार झोंबलं. "खरा आणा मॅडम. लहान असला तरी चालेल. खरा आणा."

नौपाडा ते बँक हे अंतर चालत अकरा मिनिटांचं. परत येताना आसावरीला चोवीस मिनिटं लागली. घरी आल्यावर तिने सलिलला एवढंच सांगितलं की दिवाळी वर्षातून एकदा येते. सलिलने थोडा विचार केला आणि मान्य केलं की नमुना प्रातिनिधिक नव्हता. नवऱ्याच्या तोंडून 'चुकलं' हा शब्द ऐकायचा असेल तर तो असाच, गणवेश चढवून येतो.

मग पानांचा शोध सुरू झाला.

सहा पानं त्याच संध्याकाळी इमारतीतच मिळाली. एकावर दह्याच्या वाडग्याचा गोल उठला होता, एकाचा पंखा करून झाला होता, पण आकडे शाबूत होते. घरोघरी जाऊन "अण्णांनी दिलेलं पान परत द्याल का?" असं विचारताना आसावरीची मान खाली जात होती. दिलेलं वाण परत मागणारी नौपाड्यातली ती पहिलीच बाई असावी. प्रत्येक घरात चहा झाला आणि प्रत्येक घरात सल्ला मिळाला. कोणी म्हणालं कॉम्प्युटरवर ठेवावं, कोणी म्हणालं कर्जच काढू नये, आणि एका आजींनी गिरणीच्या आवाजाने बहिरेपण येतं हे उदाहरणासकट पटवून दिलं.

जून दुसऱ्या मजल्यावर विमलाबाईंकडे होता. जूनच्या पाठीमागे गुडघ्यांचे सात व्यायाम होते आणि विमलाबाईंनी ते पलंगासमोरच्या भिंतीवर डिंकाने चिकटवले होते. म्हणजे व्यायाम खोलीकडे आणि हिशेब भिंतीकडे.

"काढा की," विमलाबाई म्हणाल्या. "पण चौथा व्यायाम फाटता कामा नये. त्याने मला फरक पडलाय."

सलिलने विषय हातात घेतला. डिंक पाण्यात विरघळतो, पण शाईही विरघळते, तेव्हा पाणी नको, वाफ हवी, असं त्याने ठरवलं. घरून कुकर आणला, विमलाबाईंच्या शेगडीवर ठेवला, शिट्टीच्या जागी रबरी नळी बसवली आणि भिंतीला वाफारा दिला. भिंतीला सर्दी झाली असावी असं ते दृश्य होतं. विमलाबाई पलंगावर बसून, व्यायाम न करता, ते मन लावून बघत होत्या. वीस मिनिटांनी पान सुटलं. अर्धं. एक ते पंधरा जून हातात आले. सोळा ते तीसची शाई भिंतीलाच राहिली, आणि तीही उलटी, आरशात दिसावी तशी. सलिलने मोबाईलवर फोटो काढला, तो उलटा केला, आणि जून वाचता आला. तो खूश झाला. एवढ्यात कागदासोबत सुटलेला रंगाचा एक पोपडा, हातभर लांब, सावकाश पुढे झुकला आणि पलंगावर पडला.

"रंग देऊन द्यायचास हो," विमलाबाई म्हणाल्या. "तुझी तर कंपनीच आहे. आणि एकच भिंत दिली तर वाईट दिसेल."

चार भिंती आणि छत. फिकट मोरपिशी. विमलाबाईंनी सतरा छटा पाहून तो निवडला.

नोव्हेंबर तळमजल्यावरच्या भाऊ प्रधानांकडे होता. भाऊंचा स्वभाव परोपकारी होता; जगातल्या कोणत्याही कामाला त्यांच्याकडे एक 'माणूस' असे. त्यांनी पान काढून दिलं. "राशिभविष्य काही खरं ठरलं नाही, घेऊन जा," म्हणाले. "पण वहिनी, कशाला हा खटाटोप? कळव्याला माझा एक माणूस आहे. तीन हजारांत पूर्ण वर्षाचे हिशेब तयार करून देतो. बिलांसकट. बँकेला खरं सांगायचं नसतं, पटेल ते सांगायचं असतं."

"बघते, भाऊ," आसावरी म्हणाली.

नोव्हेंबरची बेरीज करताना सलिल एकदम ओरडला. "अगं, तू अकरा तारखेला एकशे बेचाळीस किलो विकलेस? तेही नव्वद रुपये भावाने?"

"वेडा आहेस का?"

"हे बघ. एकशे बेचाळीस, खाली नव्वद. तेराला एकशे अडतीस, खाली शहाऐंशी. भाव आणखी उतरवलास!"

आसावरीने पान हातात घेतलं. अक्षर तिचं नव्हतं. भाऊंनी मोकळे चौकोन बघून त्यांत रोजचं ब्लडप्रेशर लिहायला सुरुवात केली होती. सलिलने हिशेबातून भाऊंचं रक्त वजा करायला एक तास घेतला.

ऑगस्ट डोंबिवलीला होता. सलिलची मोठी बहीण हेमाताई संक्रांतीला आली तेव्हा अण्णांनी तिला मोदकांचे प्रकार दिले होते. आसावरी एकटीच गेली. हेमाताईंनी दार उघडलं, पाणी दिलं, आणि काही न बोलता स्वयंपाकघरातून ऑगस्ट आणून पुढ्यात ठेवला. त्यांनी त्याला लॅमिनेशन केलं होतं. दोन्ही बाजू लख्ख. इतकं सुरक्षित पान आसावरीला आजवर मिळालं नव्हतं. 

"थँक्यू हो ताई! किती छान ठेवलंत!"

"सतरा तारीख वाच," हेमाताई म्हणाल्या.

आसावरीने वाचलं. तिच्याच सुबक अक्षरात लिहिलं होतं: हेमाताई ३ कि. पैसे नाहीत. नेहमीप्रमाणे.

तिने ऑगस्ट हळूच पालथा घातला; मोदक वर आले.

"मी काही बोलले नाही," हेमाताई म्हणाल्या. "महिना होत आला. मोदक करायला पान बघावं, तर पलटल्यावर हे. 'नेहमीप्रमाणे'. तुझ्या अक्षराचं मात्र कौतुक हो, दहा फुटांवरून वाचता येतं."

"अहो ताई, ते आपलं असंच..."

"असंच कसं? हिशेब म्हणजे हिशेब." हेमाताईंनी पदराआडून पाकीट काढलं. "एक हजार ऐंशी. मोजून घे. आणि लिही."

"नको हो, लाजवू नका."

"लाजायचं तेव्हा लाजले मी. आता घे. आणि खरं सांगू का आसावरी? मला वाटायचं तू प्रेमाने देतेस. तू मोजून देतेस हे माहीत असतं तर मी पहिल्याच दिवशी पैसे दिले असते. दोघींचंही बरं झालं असतं."

परतीच्या वाटेवर आसावरीला हे वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येत राहिलं. रागावलेल्या नणंदेचं बोलणं विसरता येतं. बरोबर असलेल्या नणंदेचं फार कठीण. घरी सलिलने पाकीट बघून एकच प्रश्न विचारला, की ही रक्कम गेल्या वर्षात जमा धरायची की या वर्षात. त्या रात्री त्याला पिठलं आणि भात यांच्यापैकी फक्त भात मिळाला.

फेब्रुवारी आणि मे मात्र मिळेनात. अण्णांना एवढंच आठवत होतं की एक पान तलावपाळीवर फिरायला येणाऱ्या एका सद्गृहस्थांना दिलं आणि ते लगेच मुलाकडे बडोद्याला गेले. दुसरं बहुतेक त्यांच्या बायकोसाठी दिलं. होळीला नऊ दिवस राहिले होते. तानाजींचा निरोप आला होता की मोमोवाला गाळ्याचं माप घेऊन गेला.

"भाऊंच्या माणसाला बोलावू या," सलिल कसनुसा होऊन म्हणाला. "फक्त दोन महिन्यांसाठी."

रखमाबाई कढईपाशी होत्या. वय पंचावन्नच्या पुढे, माहेर साताऱ्याकडचं, बोलणं मोजकं. हातातला झारा न थांबवता त्या म्हणाल्या, "कंचं दोन म्हैनं?"

"फेब्रुवारी आणि मे."

"माज्याकडं हायेत."

"पानं?"

"पानं न्हाईत. म्हैनं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवीतून नातीची, सान्वीची, गणिताची अर्धी उरलेली वही काढली. मागच्या बाजूने उघडायची. दर पानावर एक महिना. भाजून उतरलेल्या प्रत्येक किलोला एक उभी रेघ, चार रेघांवर पाचवी आडवी. थालीपिठाच्या भाजणीला भाकरीसारखा गोल, चकलीला वेटोळं, उपासाच्या भाजणीला चंद्र. महिन्याच्या शेवटी, घेतलेले पैसे आकड्यांत.

सलिल ती वही घेऊन खुर्चीवर बसला तो उठेचना. त्याच्या प्रयोगशाळेतली नोंदवही इतकी नीट नव्हती. "खाडाखोड एकही नाही," तो पुटपुटला. "रखमाबाई, हे वजन कधी करता तुम्ही?"

"भाजून गार झालं की. तुमच्याच काट्यावर."

फेब्रुवारी: भाजले चौऱ्याऐंशी, पैसे मिळाले पंच्याहत्तर किलोचे. मे: भाजले शहाण्णव, पैसे पंच्याऐंशीचे. पैसे विकलेल्या किलोंवर ठरत असल्यामुळे त्या दोन महिन्यांची विक्री आपोआप सापडली. सलिलने टाळी वाजवली. वर्ष पूर्ण झालं होतं! मग त्याने, त्याला राहवेना म्हणून, बाकीचे दहा महिनेही ताडून बघितले. टाळी वाजवणारे हात हळूहळू खाली आले.

"आसावरी, कॅलेंडरप्रमाणे वर्षात विक्री तेराशे किलो. वहीप्रमाणे भाजले चौदाशे ब्याण्णव. एकशे ब्याण्णव किलो कुठे गेले?"

"दळताना उडत असेल."

"शंभराला एक किलो. पंधरा धर. एकशे सत्याहत्तर किलो उरतात. वस्तू अशी नाहीशी होत नाही. ती कुठेतरी असते."

आसावरीला ती कुठे असते ते माहीत होतं. शेजाऱ्याचा डबा घरात आला की रिकामा परत जाऊ द्यायचा नाही, हे ती आईकडून शिकली होती. विमलाबाईंचा डबा अळूवडी घेऊन यायचा, भाजणी घेऊन जायचा. भाऊंचा डबा तर नुसताच यायचा. शिवाय गिऱ्हाइकाला चव बघायला पाव किलो, वाढदिवसाला अर्धा, आणि हेमाताई, नेहमीप्रमाणे. आजवर तिला वाटायचं की हे मूठभर आहे. त्या मुठी आता एका जागी मोजल्या गेल्या होत्या: त्रेसष्ट हजार सातशे वीस रुपये. नवऱ्याला ग्रॅममध्ये साखर मोजतो म्हणून हसणारी बाई वर्षभर पोत्यांनी पीठ उधळत होती.

पण तिची नजर अडकली ती दुसऱ्याच आकड्यावर. तिने वही सलिलच्या हातातून घेतली आणि स्वयंपाकघरात गेली.

"रखमाबाई, मी तुम्हाला विकलेल्या किलोंचे पैसे देत होते."

"व्हय."

"तुम्ही भाजलं जास्त."

"व्हय."

"एकशे ब्याण्णव किलो. चार हजार आठशे रुपये. नुसत्या गेल्या वर्षाचे. तुम्हाला कळत होतं?"

"रेघा मीच वडल्यात नव्हं."

"मग बोलला का नाहीत?"

रखमाबाईंनी गॅस बारीक केला. धान्य करपू नये म्हणून, बाकी कशासाठी नाही. "दोन डाव आल्ते बोलायला. एकदा तुमच्या घरी पाव्हणं व्हतं. दुसऱ्या डावाला तुमी कॅलेंडर बघून म्हनला, रखमाबाई, पैन पै बरोबर हाय बघा. मग म्या म्हनलं, इतक्या खात्रीनं बोलत्यात, तर आपलंच चुकलं असंल. घरी जाऊन रेघा पुन्ना मोजल्या." झारा फिरला. "माजं चुकलं न्हवतं."

आसावरी ओट्याला टेकून उभी राहिली. रडणं तिला शोभलं नसतं आणि हसणं तर शक्यच नव्हतं.

भाऊ प्रधान संध्याकाळी खास वर आले. कागद पाहून त्यांनी कपाळावर हात मारला. "वहिनी, नफा दोन लाखांवर येतोय, आणि त्यात तुम्ही हे काय लिहिलंय? 'घरी, शेजारी, नातेवाईक: एकशे सत्याहत्तर किलो'? 'रखमाबाईंची चुकून राहिलेली मजुरी'? स्वतःच्या पायावर धोंडा! या दोन ओळी काढा. कोणाला कळणार आहे?"

"रखमाबाईंना," आसावरी म्हणाली. "आणि भाऊ, त्या एकशे सत्याहत्तरांत तुमचे किती, ते मी अजून वेगळं काढलेलं नाही."

भाऊ चहा न घेता गेले. इमारतीच्या इतिहासात याची नोंद व्हायला हवी होती.

होळीच्या पाच दिवस आधी आसावरी बँकेत गेली. पिशवीत एक दह्याच्या डागाचं, एक भिंतीवरून सोललेलं, एक रक्तदाबाचं, एक लॅमिनेटेड अशी दहा पानं होती, सान्वीच्या गणिताची वही होती आणि सगळ्यांवरून काढलेला एक साधा ताळा होता. आकडे खरे होते आणि म्हणूनच तिला भीती वाटत होती. खोटा कागद नाकारला तर कागद नाकारला जातो. खरा नाकारला तर काय उरतं?

गितेसाहेबांनी प्रत्येक पान पाहिलं. ऑगस्टची सतरा तारीख त्यांनी वाचली असावी, कारण त्यांना बारीक खोकला आला. भाजणीच्या चंद्रांवरून त्यांनी बोट फिरवलं. मग ते ताळ्यावर आले.

"ही राहिलेली मजुरी, मॅडम. दिली?"

"काल दिली. त्याआधीच्या दोन वर्षांची काढायची आहे. वही घरी आहे त्यांच्या."

"आणि हे एकशे सत्याहत्तर किलो. हे बंद करणार?"

आसावरीने हो म्हणायचं ठरवलं होतं. भाऊंनी, सलिलने, अण्णांनीसुद्धा तेच सांगितलं होतं. "बंद नाही होणार," ती म्हणाली. "निम्मं करीन. आणि लिहीन."

साहेबांनी समासात 'निम्मं' असं लिहिलं. खरोखरच लिहिलं. मग मान वर केली. "या आठवड्यात माझ्याकडे चाळीस अर्ज आले. चाळीस मालकांनी वर्षभर एकही चूक केलेली नाही. कोणाचं देणं राहिलं नाही, कोणाचा माल वाया गेला नाही. मला रात्री त्यांचीच काळजी वाटते." त्यांनी शिक्का उचलला, पण मारला नाही. "वरच्या साहेबांची सही लागेल. पण नफा कमी असला तरी हप्ता त्यात बसतो, हे मी लिहून देतो. कारण हा आकडा मला तपासता येतो."

वरच्या साहेबांनी तीन दिवस घेतले. त्या तीन दिवसांत आसावरीने फोन सत्तेचाळीस वेळा बघितला. सलिलने तोही आकडा मोजला आणि शहाणपणाने स्वतःजवळ ठेवला. होळीच्या आदल्या दिवशी, दुपारी बाराला, पैसे आले.

होळीच्या सकाळी कोपरीत तानाजींनी दोन्ही हातांनी नमस्कार करून मशीनचा पट्टा चढवला आणि किल्ल्या आसावरीच्या हातात दिल्या. "आता तुमची," म्हणाले, आणि उगाच जात्यावरची धूळ पुसत बसले. सलिल वजनकाट्यावर आपलंच पाकीट ठेवून काटा तपासत होता. अण्णांना बाकावर बसवलं होतं आणि कुठल्याही कागदाला हात लावायचा नाही असं बजावलं होतं.

आसावरीने नवीकोरी, जाड पुठ्ठ्याची हिशेबाची वही काउंटरवर ठेवली आणि रखमाबाईंपुढे सरकवली. "ही आजपासून तुमच्याकडे. आलेलं, गेलेलं, फुकट दिलेलं, सगळं. मला जमलेलं नाही ते. तुम्ही लिहायचं."

रखमाबाईंनी वहीला हात लावला नाही. "भाजायचं किलोवर हाय," त्या म्हणाल्या. "लिवायचं कशावर?"

"म्हणजे?"

"ते येगळं काम हाय नव्हं?"

गिरणी सुरू होती तरी आसावरीला ते स्वच्छ ऐकू आलं. सलिलने पाकीट उचलून खिशात घातलं. आसावरीने जरा विचार केला, मनातल्या मनात एक बेरीज केली, ती पुन्हा केली, आणि म्हणाली, "महिन्याला दोन हजार. भाजायचे वेगळे. चालेल?"

 रखमाबाईंनी पेन मागून घेतलं, वहीचं पहिलं पान उघडलं, वर तारीख घातली, खाली सावकाश, एकेक अक्षर कोरत दोन हजारांचा आकडा लिहिला आणि वही फिरवून मालकिणीसमोर धरली.

"हितं सही करा," त्या म्हणाल्या.